मामाजींची अंड्याची गोळी

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तोंडावर दुपट्टा धरल्याशिवाय कुणाशी बोलत नसत. वर्ध्यात कापडाचं दुकान. एका हाताने थान उलगडायचे, दुसरा हात तोंडावर. हिरड्या सडत चालल्या होत्या आणि तोंडाला भयंकर वास यायचा. जेवायलासुद्धा सगळ्यांचं उरकल्यावर, भिंतीकडे तोंड करून बसायचे.

लवंग झाली, तुरटी झाली, कडुनिंबाचं दातून झालं. दाताच्या डॉक्टरांनी हिरड्या साफ करून दिल्या, थोड्या दिवसांत पुन्हा तेच. हे सगळं ते सोसत होते माझ्या चिमीसाठी. एकुलती नात, पण मांडीवर घेतलं की नाक धरून पळायची. लेकरूच ते, त्याला काय कळतं! एकदा मला म्हणाले, "बाई, पोरीनं एक पापी देल्ली ना, तं मले दुसरं काही नाई पाह्यजे."

त्याच सुमारास जपानात नोकरीला असलेल्या माझ्या भावाने गोळ्या आणल्या. तिकडे म्हणे हिरड्या सडवणाऱ्या जंतूंची लस कोंबड्यांना टोचतात, मग त्या जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं अंड्याच्या बलकात उतरतात. त्या बलकाची ही गोळी. डॉक्टर म्हणाले, खात्री नाही, पण घेऊन बघा. आली का पंचाईत! आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. मामाजींनी दोन दिवस डबीला हातही लावला नाही. मग डबी अंगणातल्या नळाजवळ, कोनाड्यात ठेवली आणि रोज तिथे जाऊन गोळी घेऊ लागले. नातीपायी माणसाने जन्माचं सोवळं मोडलं.

वास मात्र हलेना. डबी संपत आली तेव्हा मी अंगणात धुणं वाळत घालत होते. मामाजींनी डोळे मिटून गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळली, लगेच खळखळून चुळा भरल्या, राखुंडीने हिरड्या घासल्या आणि तुळशीचं पान चावलं. मी ओरडलेच, अहो मामाजी, ती चघळायची होती, हिरड्यांवर विरघळू द्यायची होती!

त्यांनी दुपट्टा तोंडावर ओढला. "अंड्याचं तोंड घेऊन देवापुढं कसा जाऊ, बाई? मले वाटलं, पोटात गेली का झालं."

भावाला त्या गोळ्या पुन्हा मिळाल्या नाहीत. मला असा संताप आला, आणि तो काढायचा कुणावर तेच कळेना.

पुढे सगळे दात काढावे लागले. वास गेला, दुपट्टा नाही गेला. मी किती हात जोडले! चिमी आता जवळ जायची, तर तेच मान फिरवायचे.

मामाजी गेले तेव्हा मुखात तुळशीचं पान ठेवायला मी दुपट्टा बाजूला केला. चिमी वाकून बघत राहिली. "आई, आबाजी असे दिसत होते?" एवढंच म्हणाली, आणि तिने त्यांच्या गार गालावर ओठ टेकले.