पडलेले दोन ठोके

जुन्या कॅसेटला एक वास असतो. तापलेलं प्लास्टिक, थोडी बुरशी आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्या यांचा मिळून झालेला. ज्यांनी उमेदीची वर्षं टेपरेकॉर्डरपाशी बसून घालवली, त्यांना तो वेगळा सांगायला नको. मागच्या आठवड्यात, बाहेर जळगावचं मे महिन्यातलं ऊन अंगणातल्या फरश्या भाजून काढत असताना, आमच्या बँडमास्तरांची नात एक पत्र्याची ट्रंक घेऊन माझ्या घरी आली. तिनं कडी काढली, झाकण उघडलं आणि तो वास असा अंगावर आला की हातातलं सरबत मी तसंच खाली ठेवलं.

मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा बँड मात्र पारोळ्यात अजून आहे आणि आता पन्नाशीला आलाय. नात पुण्याला ध्वनिमुद्रणाचं शिकून आलेली, डोक्यात नवं खूळ. म्हणाली, "नाना, परदेशातले ते म्हातारे रॉकवाले बघा. सत्तरी ओलांडली, गुडघे बदलले, तरी जन्मभराची गाणी एका पेटीत भरून विकतात. सोबत पुस्तिका, फोटो, फसलेली रेकॉर्डिंगसुद्धा. आपल्या बँडनं काय घोडं मारलंय?" पेटीचा नमुनाही तिनं आणला होता. आमच्या गणवेषासारखा लाल मखमली पुठ्ठा, कडेला सोनेरी गोंडे, आत आठ सीडी आणि एक पेनड्राइव्ह. कारण सीडी वाजवायचं यंत्र आता कुणाच्या घरी नाही हे तिलाही ठाऊक. पुस्तिका मी लिहायची, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. तरुणपणी तीन हंगाम मी त्या बँडमध्ये साईड ड्रम बडवला आणि पुढे तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दोन्ही केलेला माणूस तिला दुसरा मिळाला नाही.

लोक बँडला मंगलवाद्य म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांनी तो गळ्यात अडकवून भर उन्हात चार-चार तास वरातीपुढे वाजवलाय, त्यांना विचारा. तो दांडगाईचा धंदा आहे. फुंकणाऱ्यांचे ओठ फुटतात, त्यावर खारट घाम उतरतो आणि तरी सूर लावावा लागतो. माझ्या खांद्यावर पट्ट्याचा वळ अजून आहे. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी तर हंगामात तीनदा सोलून निघायची. आणि पुढ्यात नाचणारे! दुपारपासून पिऊन तर्र झालेले, हातात नोट धरून तुमच्या तोंडाशी फडफडवणारे, आपलं गाणं आधी वाजलं नाही तर आईबहिणीवर उतरणारे. मी सगळ्या वाद्यांत साईड ड्रम घेतला तो संगीतासाठी नाहीच. मला बडवायला आवडायचं. मी तापट माणूस, घरचे कुणीही सांगतील. एस.टी.त सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरची कॉलर धरलेली आहे मी, शाळेत एका शिक्षणाधिकाऱ्यावर डस्टर फेकलेला आहे. पण ही सगळी मर्दुमकी नंतरची. त्या वरातीनंतरची.

बँडमध्ये माझा एक मित्र होता, क्लॅरिनेट वाजवणारा. पारोळ्याचाच, माझ्याहून वर्षाने लहान, म्हणून मला भाऊ म्हणायचा. शरीरानं काडी, पण छातीत कुठून एवढा वारा साठवायचा देव जाणे. त्याला एकच खोड होती. एकदा तान घेतली की ती पुरी केल्याशिवाय तो सोडत नसे. नोटा फडफडोत, शिव्या येवोत, मास्तर डोळे वटारोत, हा आपला डोळे मिटून त्या तानेला पार काठाला नेऊन लावणार. मी त्याच्यावर जळायचो, हे आता सांगायला हरकत नाही. आणि माझा त्याच्यावर जीवही होता.

मास्तरांचा एक नियम होता. वरातीत मारामारी हटकून व्हायची, भावकीची, मानापानाची, नाचायच्या जागेची. अशा वेळी बँड थांबवायचा नाही. उलट जोरात वाजवायचा. ते आपल्या अहिराणीत म्हणायचे, "वाजाडत ऱ्हावा रे. बँड थांबना की मार आपलावर येस." खरंच होतं ते. बँड थांबला की रिकाम्या झालेल्या माणसांना आपण दिसतो. आवाज चालू राहिला तर निम्मी माणसं पुन्हा नाचायला लागतात आणि भांडण विरून जातं. या नियमानं आम्हाला किती वेळा वाचवलंय याची गणती नाही. पण मार आधीच बँडवर आला असेल तर काय करायचं, हे त्या नियमात नव्हतं.

वरात यावलच्या पलीकडे, केळीच्या बागांमधल्या एका गावात. ऊन कलतं झालेलं, लग्न लागायला तासभर. नवरदेवाच्या मामेभावांना एक गाणं हवं होतं, चुलतभावांना दुसरं. मित्र मामेभावांचं वाजवत होता आणि तान अर्ध्यात आली होती. चुलतभावांतला एक पुढे आला आणि बंद कर म्हणाला. यानं डोळे उघडलेच नाहीत. तेव्हा त्या माणसानं उघड्या पंजानं क्लॅरिनेटच्या टोकावर सणकून फटका मारला, तशी नळी थेट मित्राच्या तोंडात घुसली. दात तुटल्याचा आवाज होतो. सुपारी फोडल्यासारखा. मी मागच्या ओळीत होतो, सहा-सात पावलांवर. त्याच्या हनुवटीवरून रक्त गणवेषावर उतरताना मी पाहिलं. लाल कापडावर ते नुसतं ओलं दिसत होतं. मग चौघा-पाचांनी त्याला केसाला धरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे ओढत नेलं. कमरेचे पट्टे निघाले. हातातली कडी निघाली. मास्तरांनी काठी वर केली, वाजवा! आणि आम्ही वाजवलं. एवढं जोरात की माझी एक काडी मोडली आणि मी कमरेची दुसरी काढून ठेका धरला. पंचवीस माणसं फुंकत होती, बडवत होती, आणि त्या आवाजाच्या आडोशाला ते त्याला निवांत मारत होते. कुणाला ओरडणं ऐकू जायची भीतीच नव्हती. ती सोय आम्ही करून दिली होती.

त्याला जीपमधून यावलच्या दवाखान्यात नेलं. लग्न लागलं. आम्ही जेवायला बसलो. वरणबट्टी होती, वांग्याची भाजी होती, आणि मी चार बट्ट्या खाल्ल्या. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी त्याला भेटायला गेलो तर जबडा बांधलेला, चेहरा सुजून ओळखू न येणारा. मी म्हणालो, "त्या आवाजात काही ऐकूच आलं नाही रे." त्यानं मान हलवली. पुढचे चार दात गेले होते, ओठ शिवला होता. क्लॅरिनेट त्यानं पुन्हा तोंडाला लावलं नाही. मीही बँड सोडला, जळगावला आलो, नोकरीला लागलो. वर्षातून एखाद्या लग्नाकार्यात भेटायचो, राम राम व्हायचा. काही ऐकू आलं नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा इतक्या जणांना सांगितलं की पुढे मलाही ते खरं वाटू लागलं.

आणि आता ही ट्रंक. नवरदेवाच्या मामाकडे नवाकोरा टेपरेकॉर्डर होता, त्यानं ट्रॉलीत बसून वरात टेप केली होती आणि पुढे कॅसेट मास्तरांना आणून दिली होती. मास्तरांनी ती न ऐकताच ट्रंकेत टाकली असणार. नातीनं ती साफ करून लॅपटॉपवर घेतली होती. माझ्या कानांवर हेडफोन चढवत म्हणाली, "नाना, ही क्लॅरिनेट ऐका. हा माणूस आपल्या दुसऱ्या कुठल्याच टेपवर नाही." ऐकली. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. सहा मिनिटं तो वाजवतो आणि मग तान मध्येच तुटते. गलका. मग आमचा बँड चढतो, आणि टेपरेकॉर्डर ट्रॉलीतच असल्यामुळे पट्ट्यांचे फटकेही स्वच्छ येतात. आणि मग त्याची हाक. "भाऊ! ओ भाऊ!" ती हाक येते आणि साईड ड्रम थांबतो. दोन ठोके. नेमके दोन. मग पुन्हा सुरू होतो, आधीपेक्षा जोरात.

पोरगी म्हणाली, "इथं ठेका पडलाय." मी म्हणालो, "काडी मोडली असेल." काडी त्याआधीच मोडली होती, तेही टेपवर होतं. पण खोटं बोलायची इतक्या वर्षांची सवय. ती म्हणाली, "सहा मिनिटांवर कापू या का? तिथंपर्यंत सोन्यासारखं आहे." काप, हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. कापलं असतं तर त्याची तान पेटीत राहिली असती आणि माझे दोन ठोके कायमचे गेले असते. सगळ्यांचं भलं. पण ती पुढे म्हणाली, "की त्या क्लॅरिनेटवाल्या काकांना आधी विचारावं? ओरडतायत ते तेच ना?" मी घाईघाईनं म्हणालो, मीच विचारतो.

दुसऱ्या दिवशी पारोळ्याला गेलो. किल्ल्याच्या बाजूला त्याची पिठाची चक्की आहे. पीठ लागून भुवया पांढऱ्या झालेल्या, तोंडात कवळी. मला पाहून त्यानं चक्की बंद केली, दोन डबे सरकवून जागा केली. मी मोबाइल पुढे धरला आणि म्हणालो, तुझी क्लॅरिनेट सापडलीय. सहाव्या मिनिटाला बंद करायचं, हे मी एस.टी.त बसल्यापासून घोकत होतो. तो मोबाइल कानाला लावून ऐकत राहिला. पिठाळलेली बोटं मांडीवर हलू लागली, कुठलं भोक कुठं दाबायचं ते विसरलेली नव्हती. सहा मिनिटं झाली. मी हात पुढे केला. त्यानं माझं मनगट धरलं, असं करकचून की बोटं बधिर झाली, आणि सोडलं नाही. फटके ऐकले. हाक ऐकली. पुढचं ऐकलं. टेप संपली तरी मनगट त्याच्याच हातात होतं.

"काही ऐकू आलं नव्हतं, असं मी तुला सांगितलं होतं," मी म्हणालो. "ते खोटं होतं."

"माले तवयपासूनच माहीत शे," तो म्हणाला. जराही आवाज न चढवता. "दोन ठोका तू थांबना व्हता. माले वाटनं, भाऊ उना." मी मदतीला आलो, असं त्याला वाटलं होतं. "मंग तू परत चालू व्हयना. मंग मी हात खाले करी दिधात."

मार चुकवायला डोक्यावर धरलेले हात. ते त्यानं खाली केले. माझा ठेका ऐकून. मी त्याच्या डब्यावर बसून रडलो, म्हातारा माणूस, दळणाला आलेल्या बायांसमोर. त्यानं अडवलं नाही, समजूतही काढली नाही. शेवटी मी विचारलं, पेटीत कुठवर ठेवायचं. तो उठला, चक्कीचं बटण दाबायला गेला आणि वळून म्हणाला, "कापू नको. बठ्ठं ऱ्हाऊ दे." सगळं म्हणजे सगळं. मग चक्की सुरू झाली आणि पुढे बोलायची सोय राहिली नाही.

काळ सगळं बुजवतो म्हणतात. बुजवत असेल. माझ्यापुरतं सांगायचं तर त्यानं काहीच बुजवलं नाही; मी त्यावर बसून होतो एवढंच. पुस्तिकेत मी त्या वरातीची हकीकत लिहिली आहे, बट्ट्यांसकट. नातीनं ती वाचली. काल तिचा फोन आला. म्हणाली, "नाना, बाकी ठेवते सगळं. पण ते पडलेले दोन ठोके, तुमचेच मागचे दोन उचलून तिथं बसवू का? कुणाला कळणार नाही."

नको, म्हणालो. त्या बँडमध्ये तीन हंगाम मी एकही ठोका चुकवला नाही, असं मास्तर कौतुकानं सांगायचे. सगळे तालात, सगळे जागच्या जागी, आणि त्यातला एकही माझ्या मित्राच्या उपयोगाचा नव्हता. त्याच्याकडे जायला मी निघालो होतो तो फक्त त्या दोन ठोक्यांएवढा वेळ. तेवढं तरी जसंच्या तसं राहू दे.