एकेक ठोका

तिसऱ्या टेकलाही सलीमचा ड्रम लयीच्या पुढं पळाला. काचेअलीकडून मी हात वर केला आणि तिघं थांबले.

"हेडफोन काढू का, भाऊ? ह्या टिकटिकीनं हात आखडतोय," सलीम म्हणाला.

"काढलास तर तू एकीकडं आणि कॉम्प्युटर एकीकडं."

"आत्ता तरी दुसरं काय चाललंय," निलेश कीबोर्डमागून पुटपुटला.

कॅसेट जाऊन सीडी येत होती, ते दिवस. ओतूरला एसटी स्टँडमागं माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. एरवी माझ्याकडं भजनी मंडळं यायची, निवडणूक लागली की प्रचारवाले यायचे. ही तीन पोरं मात्र वेगळीच होती. निरगुडसरचा प्रशांत गिटार वाजवायचा आणि गायचा. ओतूरचा निलेश कीबोर्ड आणि कॉम्प्युटर सांभाळायचा. ड्रम्सवर जुन्नरचा सलीम. तिघं म्हणून बँडचं नाव 'थ्री फेज'. रॉकची गिटार आणि त्याखाली कॉम्प्युटरवर आधी बांधून ठेवलेलं संगीत, असा त्यांचा प्रकार होता. पुण्यातल्या एका कॉलेजात त्यांना ऐकून एका म्युझिक कंपनीच्या साहेबांनी तीन गाणी मागितली होती. ती पसंत पडली तर अल्बम निघणार होता. साहेब शुक्रवारी ऐकायला येणार होते आणि आज मंगळवार होता.

अडचण साधी होती. कॉम्प्युटर कुणासाठी थांबत नाही. त्याच्याबरोबर वाजवायचं तर हेडफोनमध्ये एक टिकटिक लावतात, तिला क्लिक म्हणतात. क्लिक धरून वाजवलं की सगळे एकत्र राहतात. सलीम पहिलं कडवं बरोबर धरायचा, दुसऱ्याला सुटायचा. त्याच्या वडिलांचं लग्नातलं बँडपथक होतं आणि तो लहानपणापासून वरातीत वाजवत आलेला. वरात मांडवाजवळ आली की ठेका चढवायचा, हे त्याच्या हातात इतकं मुरलं होतं, की गाणं संपत आलं की हात आपोआप पळायचा. स्टेजवर त्याच चढत्या ठेक्याला पोरं खुर्च्या सोडून उठायची. स्टुडिओत तोच दोष ठरला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

"कसं चाललंय?"

"ड्रम जरा लूज आहेत, साहेब."

"टाईट करा. नाहीतर पुण्यातून माझा ड्रमर पाठवतो."

सलीम जुन्नरला गेल्यावर प्रशांत माझ्याकडं आला. "दादा, ड्रम कॉम्प्युटरवर व्हतील का?"

"होतील. पण निलेशच्या कीबोर्डातले ड्रम पत्र्यासारखे वाजतात. सलीमच्या ड्रमचेच ठोके पाहिजेत."

"मंग घ्या की. त्याला आत्ता काय बोलू नका. मी सांगतो त्याला नंतर."

मी हो म्हणालो. मला काम वेळेत द्यायचं होतं, एवढंच त्यामागचं कारण.

बुधवारी दुपारी सलीमला एकट्याला बोलावलं. म्हणालो, "साउंड तपासायचाय. प्रत्येक ड्रमवर एकेक ठोका दे. हळू, मध्यम, जोरात. प्रत्येक ठोका पूर्ण विरू दे, मगच दुसरा." असे सुटे ठोके घेतले, की त्यांतून कॉम्प्युटरवर हवं ते गाणं हव्या त्या लयीत बांधता येतं. सुट्या ठोक्याला सॅम्पल म्हणतात. त्याला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

दोन तास तो मन लावून ठोके देत राहिला. मधेच चावीनं कातडं ताणायचा, कान लावून ऐकायचा. "हा न्हाई बरा आला, भाऊ. आजून एक घ्या." मी घेत गेलो. निघताना म्हणाला, "उद्या टिकटिकीवर नक्की धरतो. घरी भिंतीवरच्या घड्याळापुढं बसून वाजवतोय. घरातले हसत्यात."

"उद्या नको, मी फोन करतो," मी म्हणालो.

गुरुवारी मी त्या ठोक्यांतून तिन्ही गाण्यांचे ड्रम बांधले. शुक्रवारी सलीम नसताना साहेबांनी तिन्ही गाणी ऐकली. "ड्रमर कुठला आहे? एकदम टाईट वाजवलंय."

"जुन्नरचाय," प्रशांत म्हणाला. निलेश मान खाली घालून बसला. मी सीडी काढून साहेबांच्या हातात दिली.

अल्बम निघाला. 'थ्री फेज' पुण्या-मुंबईत वाजायला लागला. स्टेजवर दोघं आणि एक कॉम्प्युटर. मी प्रशांतला दोनदा विचारलं, सलीमला सांगितलंस का? दोन्ही वेळेला तो म्हणाला, सांगतो.

मग एका सकाळी सलीम सीडी घेऊन आला. कव्हरवर 'ड्रम्स : सलीम' असं छापलेलं होतं.

"भाऊ, हे मी कवा वाजवलं?"

मी उत्तर द्यायच्या आधी त्यानं सीडी लावायला लावली. पहिलं गाणं संपेपर्यंत तो हलला नाही.

"सेट माझाच हाय. पण इतकं सरळ मी जल्मात वाजवलं न्हाई."

"त्या दिवशी एकेक ठोका घेतला होता, त्यातनं बांधलंय."

"म्हंजे साउंड तपासायचा नव्हता."

"नाही."

"आन् आता त्यांना मी लागत न्हाई."

"नाही लागत."

त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. सीडी कव्हरात घालत त्यानं विचारलं, "ते ठोके पुसता येत्यात का?"

"माझ्याकडचे येतील. प्रशांतकडं आहेत ते माझ्या हातात नाहीत."

"तुमच्याकडचे पुसा मंग."

एकेक फाइल मी त्याच्यासमोर पुसली. शेवटची पुसून होईपर्यंत तो स्क्रीनकडं बघत बसला. मग उठला आणि जुन्नरची एसटी धरायला गेला.

तेव्हापासून कुणाचाही सुटा आवाज घेण्याआधी त्याचं काय करणार ते मी सांगतो. दोघंजण हे ऐकून उठून गेले, त्यांचं काम माझ्या हातचं गेलं. सलीमला मी आधी सांगितलं असतं, तर बँडसाठी म्हणून तो बहुतेक हो म्हणाला असता. त्याचीच मला जास्त लाज वाटते.