प्रबंध मागून उघडणारे परीक्षक

ऐंशीच्या सुमारास भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात हे गृहस्थ वरचेवर यायचे. विद्यापीठाचे नेहमीचे परीक्षक. हातात आलेला प्रबंध ते मागून उघडत. संदर्भसूचीत स्वतःचं नाव दिसलं की चेहरा खुले. नसलं की चष्मा काढून ठेवत. पुढचं वाचायची गरज त्यांना कधी पडलेली मी पाहिली नाही.

आमच्या इतिहासाच्या मॅडमनी एकोडीच्या तलावाचं पाणी धानाला कसं वाटून घेत, यावर प्रबंध लिहिला होता. त्यासाठी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं बांधावर बसल्या होत्या. तोंडी परीक्षेत यांनी चष्मा काढला.

"माझं पुस्तक वाचलं नाही काय, मॅडम?"

"वाचलं सर. त्यात तलावाचा उल्लेखच नाही."

"मंग नाव टाकाले काय झालं होतं?"

प्रबंध परत आला. मॅडमनी नाव काही टाकलं नाही. विद्यापीठाशी भांडून त्यांनी दुसरा परीक्षक मागितला आणि उशिरा का होईना, पदवी मिळवली.

मॅडमच्या सत्काराला हे गृहस्थ हार घेऊन हजर. "मी तेव्हा कडक झालो, म्हणून आज हे काम उभं राहिलं," असं त्यांनी माईकवर ठोकून दिलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, काम कोणत्या तलावावर आहे, तेवढं सांगून देता काय?"

"अहो, जिल्ह्यातल्या सगळ्याच तलावांवर!" ते जराही न अडखळता म्हणाले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने या गृहस्थांना संशोधन समितीचं अध्यक्षपद दिलं.