जावयाचा ढेकर

१८ जानेवारी. संध्याकाळसाठी शेपूच्या दोन जुड्या निवडायच्या होत्या.

मुलगी बाळंतपणाला वर्ध्याला माझ्याकडे आली होती. नातीचं वजन वाढत नव्हतं. सावंगीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पंधरा दिवस पाहू, नाहीतर वरचं दूध सुरू करू. मुलीला ते नको होतं. अंगावरचं दूध वाढायला आमच्याकडे शेपूची भाजी, आणि वर त्याचंच बी, म्हणजे बाळंतशोपा, चावायला. शेजारच्या उत्तरेकडच्या वहिनी शेपूला सोया म्हणतात. नाव दुसरं, वास तोच.

"मले हा वासच सहन होत नाई," मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली.

"वास नको घेऊ. खा."

माझ्या बाळंतपणात ही भाजी मी खिडकीतून शेजारच्या बकरीला घालत असे. हे तिला सांगण्याचं काही कारण नव्हतं.

मी रोज मूगडाळ घालून, लसणाची फोडणी देऊन शेपू केला. जावई सेलूला नोकरीला. संध्याकाळी परस्पर इकडे येत आणि तिच्या खोलीत बसत. तिचं ताट लख्ख होऊन परत येई. माझ्या हाताची चव कशी, हे माझं एव्हाना गल्लीभर सांगून झालं होतं.

त्या संध्याकाळी ताट आलं, मागोमाग जावई बाहेर येऊन बूट घालायला वाकले, आणि त्यांना ढेकर आला. शेपू खाल्लेला माणूस लपत नाही.

"जावईबापू, काय खाल्लं?"

"काई नाई आई. ऑफिसात चहा घेतलता."

"सेलूले चहात शेपू टाकतात काय?"

आत मुलगी फिसकन हसली. जावई बुटाच्या नाडीशी बोलले, "पंधरा दिवस मीच खाऊन राह्यलो. तिनं शपथ घातली. पण भाजी मस्त राह्यते, आई."

मला राग यायला हवा होता. आली ती भीती. वजन दुसऱ्याच दिवशी करायचं होतं.

सकाळी सावंगीला गेलो. काट्यावर ठेवली तर पोरीचं वजन चांगलंच वाढलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईला खायला काय देता?"

मुलगी छताकडे पाहू लागली.

"घरात रोज शेपू होतो," मी म्हटलं. खोटं एक अक्षरही नव्हतं.

परतताना मुलीसाठी मेथी घेतली. शेपूची एक जुडी घेतली, जावयासाठी.