तात्यांची विहीर आणि दोन पाटील

आमच्या घरात एकाच वेळी दोन पोलीस पाटील होते. त्यातला एक सरकारनं नेमलेला होता. दुसरा मी.

नेमणूक माझ्या बायकोची, सुमनची. परीक्षा तिनं दिली, मुलाखत तिनं दिली, आणि हार मात्र गावानं माझ्या गळ्यात घातला! आमचं गाव आटपाडीकडचं, माळावरचं. इथं फौजेतनं रिटायर होऊन आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणतात (मी पलटणीच्या स्टोअरमध्ये चादरी वाटत होतो, तरी मेजर). त्याच न्यायानं बायको पाटील झाल्यावर लोक मला 'पाटील' म्हणू लागले आणि तिला 'पाटलीणबाई'. मला त्यात काही गैर वाटलं नाही. कशाला वाटेल?

तिला वाटलं. "पाटलीण म्हंजी पाटलाची बायकू. माझा नवरा पाटील हाय का? न्हाई. पाटील मी हाय," ती म्हणाली.

यावर सगळ्यात जास्त तापले आमचे तात्या. तात्या म्हणजे माझे चुलते, शेजारच्याच घरात एकटे राहायचे. त्यांच्यापुढं सुमनचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, की तोंडातनं शब्द फुटला नाही. तात्या ओट्यावरनं मलाच ऐकवायचे, "बाईमानूस कुटं पाटील असतंय व्हय रं? उद्या गावात मढं निगालं तर ही आधी रडंल का आधी पंचनामा करंल?"

"आवं तात्या, मी हाय की!" मी म्हणायचो.

आणि मढं निघालं ते तात्यांचंच.

सकाळी ओरडा झाला, तात्या त्यांच्या विहिरीत पडले. सुमन म्हशीची धार टाकून धावली. मी तिला दारातच अडवलं. "थांब, बायकांचं काम न्हाई त्ये."

"आवं, मागच्या बारीला फौजदार काय म्हनालं? पुन्हा नवऱ्याला धाडलं तर पद घालवीन म्हनालं न्हवं?"

"घरातलं मढं हाय, तू रडत बस. बाकीचं मी बघतो."

दाढ सुजली होती म्हणून गालाला मफलर गुंडाळलेला होता. त्यावर फौजेतली टोपी चढवली आणि निघालो. (आरशात बघितलं असतं तर परत फिरलो असतो.)

पोरांनी तात्यांना वर काढून घोंगड्यावर ठेवलं होतं. म्हसवडच्या जत्रेत ह्याच माणसानं मला खांद्यावर बसवून रथ दाखवला होता. पण मी रडलो नाही. लोक बघत होते आणि मी पाटील होतो!

फौजदार आले, हे नवीनच बदलून आलेले. "पोलीस पाटील कोण?"

"मीच, साहेब." आणि त्यांनी काही विचारायच्या आत मीच गर्दीवर खेकसलो, "बोला! तात्यांचं कुनाशी भांडान हुतं का?"

लोक एकमेकांकडं बघू लागले.

"भिऊ नका! नाव सांगा! कुनाची गय करनार न्हाई मी!"

मागनं आमच्या समोरच्या घरातली गंगूआक्का म्हणाली, "आरं, तुझ्याशीच की!"

माझी टोपी मफलरवरनं घसरली.

"काल सांजच्याला बांधावर न्हाई का भांडलास? 'हिरीत ढकलून दीन' म्हनालास. समद्या माळानं ऐकलं."

फौजदारांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हवालदाराला खूण केली. हवालदारानं माझा दंड धरला.

तेवढ्यात सुमन आली. तात्यांपुढं येताना तिनं सवयीनं पदर पुढं ओढला, त्यांचे पाय शिवले, आणि उभी राहिली. "साहेब, पोलीस पाटील मी."

"मग हे कोण?"

तिनं एकदा माझ्या टोपीकडं बघितलं.

"बरं, ह्यांचं आणि मयताचं भांडण झालं होतं?"

मी डोळ्यांनी विनवलं, नाही म्हण गं माझे आई!

"व्हय. झालतं."

"धमकी दिली होती?"

"व्हय. मी माझ्या कानानं ऐकली."

खेळ खलास! मला जेलातल्या चादरी दिसू लागल्या.

"पन साहेब," ती पुढं म्हणाली, "रातभर ह्यांची दाढ ठणकत हुती. 'आई गं, मेलो गं' करून आख्खी आळी जागवली ह्यांनी. उजाडता तात्या आलं. 'मर्दा, फौजेत हुतास का बाळंतिणीच्या खोलीत?' म्हनालं आन ह्यांच्या दाढंत लवंग ठिवून हिरीवर त्वांड धुवायला गेलं."

"व्हय की!" गंगूआक्का पुढं सरली. "म्या माझ्या दारातनं बघितलं. तात्या एकलंच गेलं. ओरडा हुईस्तवर ह्यो गडी दारातच लोळत हुता, बया बया करत! हिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ हाय, म्हातारं घसरलं आसंल."

आळीनं एकमुखानं साक्ष दिली. कुणीतरी माझ्या कण्हण्याची नक्कलसुद्धा करून दाखवली. लोक हसले. मढ्यापुढं हसले! हवालदारानं माझा दंड सोडला, हसताना त्याला धरता येईना म्हणून.

मी एकटाच हसलो नाही. तात्यांची लवंग अजून माझ्या दाढेत होती. कालच्या शिव्या विसरून म्हातारा पहाटे माझ्यासाठी उठून आला होता.

सुमननं पंचनामा पुरा केला. साहेबांची गाडी वळणापलीकडं गेली आणि मग ती तात्यांच्या पायाशी बसून अशी रडली की माळ हादरला. तात्यांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, ऐकायला मात्र ते उरले नाहीत. मग मीही रडलो. लोक म्हणाले, "दाढ लयच दुकती वाटतं!"

दुसऱ्या दिवशी जबाबाला ठाण्यात बोलावलं. फौजदारांनी विचारलं, "काल तुम्ही पाटील म्हणालात, गावकरी मेजर म्हणतात. नक्की कोण तुम्ही?"

मी टोपी काढली, हात जोडले आणि खरं ते सांगितलं.

"साहेब, मी पाटलांची मंडळी."