मामाजीले फक्त फेस

लस्सी न पिता लस्सीत बुडालेला मानूस अख्ख्या नागपुरात एकच, ते म्हंजे आमचे मामाजी. मामाजी म्हंजे माहे सासरे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले, तवापासून शब्दाचे पार्सलं खोलून पाहून राहिले: कुठून आला, आत काय भरलं. मी चौथी नापास, धरमपेठेत लस्सीची गाडी लावतो. डॉक्टरनं मामाजीची साखर बंद केली अन् बायकोनं मले दम देला, "बाबाले लस्सी देली तं जरीपटक्याले घरी येऊ नका, गाडीखालीच झोपा."

तरी मामाजी हजर! "जवाईबापू, लस्सी नको. वरचा फेस द्या फक्त."

"त्यात बी साखर असंन ना, मामाजी?"

"काहून असंन? शब्द समजून घ्या गा! संस्कृतात फेन, आपल्यात फेस. त्याले आळ लावला का झालं फेसाळ, म्हंजे फेसानं भरलेलं. जसं रसाळ, केसाळ. आता फेसाळ कोन? लस्सी! साखर फेसाळाले आहे, फेसाले नाही!"

मले तं कोर्टाचा निकाल लागल्यावानी वाटलं. देला ग्लासभर फेस. मामाजी असे रंगले का गिऱ्हाइकं स्ट्रॉ तोंडात धरून, ओढायचं विसरून उभे! "पन फेनातल्या 'न'चा 'स' कोनी केला, हे मले मरायच्या आंधी समजलं पाहिजे!"

मी घाबरून म्हनलं, "मी नाही केला, मामाजी."

तोपर्यंत फेस बसला, तळाशी घोटभर लस्सी उरली. ते त्याईनं पटकन घशात टाकली अन् ग्लास पुढं केला. असा ग्लासावर ग्लास अभ्यास सुरू असताना मांगून आवाज आला, "बाबा, काय पिऊन राहिले?" बायको!

"पिऊन नाही वं, शब्द पाहून राहिलो." मिशीवर फेस हा एवढा!

"अन् तुम्ही?"

"मी... मी तं नुसता घुसळून राहिलो."

गाडीखाली मच्छर लय असतात, हे मले तवा समजलं.

आता मामाजीचे गुडघे गेले, गाडीपर्यंत येनं होत नाही, आमच्याकडंच राहतात. त्याईचं उतरलेलं तोंड पाहून बायकोच म्हनली, "बाबाले फेस आना." डबा काठोकाठ भरला, घरी येईपर्यंत सारा तळाशी. मामाजीनं आत पाहिलं अन् दिवसभर एक शब्द बोलले नाही.

मंग मी रवीच घरी आनली. त्याईच्या खाटेजवळ बसून बिनसाखरेचं दही घुसळतो. साखर नाही हे त्याईले समजते, ग्लासाले हात लावत नाहीत. पन फेस चढला का उठून बसतात, "पाहा, पाहा जवाईबापू! फेन..."

हात भरून येतो माहा. तरी थांबत नाही. थांबलो का फेस बसते, अन् मामाजी बी गप होतात.