ठकीचं पोट

एका मांजरीच्या उलट्यांवर स्वतःचा दिवस बेतणारा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बेतायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या भिंतीपलीकडे राहत. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते, म्हणून सगळी चाळ त्यांना टाइमकीपर म्हणे आणि मी काका म्हणे. मी लग्न होऊन त्या चाळीत आले तेव्हा फाळणीला चार-पाच वर्षं झाली होती. उल्हासनगरच्या छावणीत सिंधी लोकांनी बराकींतून दुकानं थाटली होती, आणि आमच्या शिवमंदिराच्या बाजूला अजून नुसती शेतं होती. काका तेव्हा पन्नाशीचे असतील. काटकुळे, ताठ, आणि कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले की फाटकाचाच एक गज वाटावेत असे. भोंगा वाजून गेल्यावर आलेल्या माणसाला ते आत सोडत नसत. कुणाची बायको अडली आहे, कुणाची आई पडली आहे, ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे. उद्या वेळेवर या." स्वतःच्या सख्ख्या साडूला त्यांनी असं परत पाठवलं होतं, आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जाऊन चहा पिऊन आले होते. त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नव्हतं.

घरीही तेच. त्यांची अंघोळ, पूजा, जेवण, सगळं घड्याळाबरहुकूम चाले आणि भिंतीपलीकडून आम्हाला ते ऐकू येई. त्यांच्या ताम्हनात पळी वाजली की माझ्या सासूबाई दूध तापायला ठेवत. पण या घड्याळाखाली सगळ्यांत जास्त भरडल्या गेल्या त्या काकू. काकूंना संग्रहणी होती. खाल्लेलं पोटात ठरत नसे, अंगाला लागत नसे; मी त्यांना पाहिलं तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. कल्याणच्या एका वैद्यांनी त्यांना नुसत्या दुधावर ठेवलं होतं. दिवसातून पाच फुलपात्रं. पहिलं आणि शेवटचं काका स्वतःच्या हातानं देत, मधली तीन झाकून ठेवून कामावर जात. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पण फुलपात्र घेऊन ते खाटेशी उभे राहिले की ते संपेपर्यंत तिथून हलत नसत. काकू बारीक आवाजात म्हणायच्या, "अहो, नको वाटतं हो दूध. पोटात नुसतं ढवळतं." काका म्हणायचे, "वैद्यांनी सांगितलंय." तिथं ते बोलणं संपायचं.

ठकी याच दिवसांत आली. मागच्या अंगणातून येऊन काकूंच्या खाटेखाली बसली ती बसलीच. करड्या पाठीची, पांढऱ्या पोटाची, एका कानाला चिरा गेलेली. नाव काकूंनीच ठेवलं. एका दुपारी मी त्यांना विचारपूस करायला म्हणून गेले, तर काकू खाटेवरून अर्ध्या खाली वाकून बशीत दूध ओतत होत्या आणि ठकी ते लपलप पीत होती. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "सांगू नकोस हं. ते मला बरं करायला निघालेत. त्यांचा हिरमोड नको." मी एकोणीस वर्षांची, नवी नवरी, मी कशाला सांगते? ठकी मात्र त्या दुधानं बेजार व्हायची. कधी उंबऱ्यात ओकायची, कधी तिला हगवण लागायची, आणि कामावरून आलेले काका राख टाकून ते साफ करायचे.

माघात एका दुपारी काकू गेल्या. शेवटचं पाणी सासूबाईंनी घातलं. माझे यजमान कारखान्याच्या फाटकावर निरोप घेऊन गेले. भोंग्याआधी काका फाटकाबाहेर पडले ते नोकरीत पहिल्यांदाच, असं नंतर लोक सांगत. घरी येऊन त्यांनी खाटेशेजारचं रिकामं फुलपात्र पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "दूध तेवढं वेळेवर घेत होती." मी तिथंच उभी होते.

तेरा दिवस त्यांचे भाऊ-भावजय येऊन राहिले. त्या गडबडीत ठकीकडे कुणी लक्ष दिलं नाही. ती उंदीर-चिचुंद्र्या मारून खात होती आणि चांगली तुकतुकीत झाली होती. पाहुणे गेल्यावर काकांची नजर तिच्याकडे वळली. काकूंची एवढीच काय ती मागे राहिलेली हक्काची वस्तू. "तिच्या वाटचं आता हिला," असं म्हणून त्यांनी ठकीला दोन्ही वेळा दूध सुरू केलं, आणि आठ दिवसांत ठकीचं कातडं हाडांना चिकटलं.

मग काकांनी तिच्या पोटाचा तपास हाती घेतला. कारखान्यात माणसांची हजेरी मांडतात तशी एक वही त्यांनी घातली आणि तीत ठकीनं किती वाजता खाल्लं, किती वाजता उलटी केली, ती पिवळी होती की फेसाची, हे टाकाने लिहायला लागले. सकाळी मी नळावर जाताना वाट अडवून विचारायचे, "वहिनी, हिनं तुमच्याकडे काही खाल्लं का? खरं सांगा, मी रागावणार नाही." सासूबाईंनी एकदा तिला थालीपिठाचा तुकडा टाकला होता, तर त्यात कांदा होता का, ओवा होता का, याची अर्धा तास चौकशी झाली. पालेगावहून दूध घालायला येणाऱ्या बाईला त्यांनी खोदून खोदून विचारलं, की दुधात पाणी कुठलं घालते, विहिरीचं की ओढ्याचं. ती चरवी खाली ठेवून म्हणाली, "माज्या दुधात पानी नाय. तुमची मांजरच खोटी हाय." काकांनी हेही वहीत लिहून घेतलं. ठकीला सुंठ झाली, बाळहिरडा झाला. काकांच्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले. कल्याणला गुरांच्या डॉक्टरकडे टोपलीतून घेऊन गेले, तेव्हा डॉक्टरांनी जनावर कुठं आहे म्हणून विचारलं. काकांनी टोपलीवरचा पंचा काढला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, दूध पाजा, होईल बरी.

चाळ हसायची. मीही हसत होते. पण एका सकाळी मी पाहिलं, तर काका उंबऱ्यात बसले होते आणि ठकी त्यांच्या मांडीवर मान टाकून पडली होती. तिला डोळेही नीट उघडवत नव्हते. काकूंची फणी घेऊन काका तिच्या अंगावरचे गळालेले केस हळूहळू काढत होते, चाटताना ते पोटात जाऊ नयेत म्हणून. मला म्हणाले, "वहिनी, हीही माझ्या हातून जाणार."

त्या रविवारी कुणीतरी त्यांना उल्हासनगरच्या छावणीतल्या एका म्हाताऱ्या सिंध्याचं नाव सांगितलं. तिकडे सिंधमध्ये तो जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. इथं बराकीच्या एका खोलीत चूर्णं, मलमं विकत असे. काका टोपली सायकलला बांधून गेले. तिथं काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, कारण त्या भेटीतून त्यांना एक प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर त्यांना माझ्याकडून हवं होतं.

म्हाताऱ्यानं आधी वही वाचायला लावली आणि वहीच्या आधीचंही सगळं विचारून घेतलं. मग ठकीच्या पोटावरून दोन बोटं फिरवली आणि विचारलं, "साईं, दूध कितना देते हो?" काकांनी सांगितलं. तो म्हणाला, "बंद करो. बड़ी बिल्ली को दूध हजम नहीं होता. सब लोग पिलाते हैं, वो पीती भी है, फिर बीमार पड़ती है." एक दिवस पोटाला विश्रांती, नुसतं उकळून गार केलेलं पाणी. मग उकडलेली मासळी, मीठ नाही, हळद नाही, काटा एकही नाही. चिमूट चिमूट, दिवसातून चार-पाचदा. हरळीचं गवत खाते तर खाऊ द्या, तिला पोटातले केस काढायचे असतात. आणि त्यानंतर खाणं पुन्हा एकदम बदलायचं नाही. एवढं सांगून त्यानं विचारलं, "बीवी गुज़रने के बाद तेरह दिन ठीक थी. उसके पहले बीमार थी. तो पहले इसको दूध कौन देता था?"

काका म्हणाले होते, कुणी नाही. घरात येणारं सगळं दूध बायकोला जात होतं.

म्हाताऱ्यानं नुसती वही मिटून परत दिली होती.

हे सांगून काका माझ्याकडे बघत राहिले. मी तांदूळ निवडत होते. "वहिनी, दुपारी तुम्ही जात होतात तिच्याकडे," ते म्हणाले. "ठकीला दूध कोण द्यायचं?"

मला खोटं सुचलं नाही. मी सगळं सांगितलं. बशी, ओठांवरचं बोट, हिरमोड नको म्हणाल्या तेही. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तिलाही सोसत नव्हतं."

"त्या म्हणायच्या, काका."

"हो. म्हणायची." ते उठले आणि घरात गेले. त्या दिवशी त्यांच्या ताम्हनाचा आवाज आला नाही, आणि सासूबाईंचं दूध तापवायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून ज्या माणसानं जन्मात मासळीच्या बाजाराकडे तोंड केलं नव्हतं, तो माणूस रोज तिथं जाऊ लागला. "काटे नसलेला, सौम्य प्रकृतीचा मासा द्या," असं त्यांनी पहिल्या दिवशी कोळणीला सांगितलं. तिनं ओले बोंबील दिले. चाळीत मासळी शिजवायची सोय नव्हती, म्हणून मागच्या ओढ्याकाठी तीन दगडांवर मडकं ठेवून, नाकाला पंचा बांधून काका बोंबील उकडायचे, गार झाल्यावर बोटांनी चाचपून चाचपून काटा काढायचे, मग अंघोळ करून घरात यायचे. चाळीतल्या दोघातिघांनी कुरकूर केली. काकांनी ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, "बरोबर आहे." मडकं काही हललं नाही. शिवमंदिरातून येताना दुर्वांची जुडी आणायचे. एकवीस गणपतीला, उरलेल्या ठकीला. तीन आठवड्यांत ठकीची हगवण थांबली. दीड महिन्यात ती भिंतीवर उडी मारायला लागली. चाळीला वाटलं, काका आता खूश असतील.

ते खूश नव्हते. त्यांना एकच गोष्ट खात होती, आणि ती विचारायला त्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माझे एक मामा ठाण्याला डॉक्टर होते. मी माहेरी निघाले तेव्हा काका दारात आले आणि म्हणाले, "मामांना एकदा विचाराल का? दुधाचं."

मी विचारलं. मामांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. म्हणाले, रोग इतका जुना होता की त्या बाई वाचल्या नसत्या, दूध दिलं काय नि न दिलं काय. मग म्हणाले, पण दूध दिलं नसतं तर शेवटची दोन वर्षं एवढे हाल झाले नसते.

परत आल्यावर मी काकांना पहिलं वाक्य सांगितलं. ते उभ्यानं ऐकत होते. "आणखी काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"आणखी काही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उशिरा आलेल्या कामगारांची किती कारणं त्या माणसानं ऐकली असतील. माझं त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण ते म्हणाले, "बरं," आणि मला जाऊ दिलं.

त्यानंतरच्या वर्षी मला दिवस गेले. तिसरा महिना होता आणि पाण्याचा घोटही राहत नव्हता. सासूबाई मायेनं करायच्या. तूप घातलेला शिरा, बदामाचं दूध, माहेरून आलेले लाडू. मी खात होते आणि मोरीकडे धावत होते. नको म्हणायची सोय नव्हती. बाळासाठी खायचं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. एका सकाळी मी मोरीत बसून रडत असताना दारातून काकांचा आवाज आला. आमच्या घरात ते सहसा पाऊल टाकत नसत. सासूबाईंना म्हणाले, "माई, वहिनींना काय सोसतं ते वहिनींना विचारलंत का?"

सासूबाईंना ते आवडलं नाही. "टाइमकीपर, बाईमाणसांच्या गोष्टी आहेत या."

"असतील," काका म्हणाले. "उत्तर मिळाल्याशिवाय मी जाणार नाही." आणि खरंच गेले नाहीत. कामावर जायची वेळ झाली, लांबून भोंगा ऐकू आला, तरी ते हातात छत्री धरून आमच्या उंबऱ्याबाहेर उभेच होते.

मी पदरानं तोंड पुसून बाहेर आले. मला काय हवं आहे हे इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मलाही आठवावं लागलं. मी म्हणाले, "गार पेज. नुसतं मीठ घालून."

सासूबाई आत जाऊन तांदूळ धुवायला लागल्या. काकांनी मान हलवली आणि चालू लागले. त्या दिवशी त्यांचा पगार कापला गेला असेल, किंवा स्वतःचंच नाव त्यांनी उशिरा आलेल्यांत लिहिलं असेल. मी कधी विचारलं नाही. पेज गार व्हायला वेळ लागला. मी ती खिडकीत बसून थोडी थोडी प्यायले, आणि ती पोटात राहिली.